पावसाळी नेपियरचा मुरघास: वारणा खोऱ्यातल्या कामाच्या नोंदी

२८ ऑगस्ट

मघा सरत आली आणि अर्ध्या एकरातलं नेपियर, म्हणजे उंच वाढणारं चाऱ्याचं गवत, माणसाच्या डोक्यावर गेलंय. गोठ्यात चार म्हशी, दोन गाई. दिवसाला दीडशे किलो ओली वैरण लागते, पण या दिवसांत बांधावरचं गवतच त्यातली निम्मी भागवतं. नेपियर असंच उभं सोडलं तर दसऱ्यापर्यंत कांडी टणक होणार; जनावरं पाला ओरबाडून खाणार आणि कांड्या गव्हाणीत तशाच पडणार. उलट मार्च सरला की उसाचं वाढं संपतं आणि विकतच्या कडब्याच्या मागं फिरावं लागतं. तेव्हा आत्ताचं जास्तीचं नेपियर मुरघास करून, म्हणजे हवाबंद मुरवून, तेव्हापर्यंत टिकवायचं, एवढंच हे काम.

मक्याचा मुरघास करणं सोपं असं म्हणतात, ते खरंच आहे. मक्यात साखर भरपूर, आणि दाणा चिकातून पिठाळ होताना कापला की ओलावा आपसूक बेताचा असतो, सुकवायची भानगडच नाही. पण सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्याच्या पश्चिम अंगाला, चांदोलीकडं सरकत जावं तसा पाऊस वाढत जातो. आमच्या रानात खरिपाला भातच. मक्याच्या मुळाशी पाणी साचलं की तो पिवळा पडतो. नेपियर मात्र बांधाच्या चढावर एकदा लावलं की वर्षानुवर्षं कापत राहायचं. आमच्याकडं निम्म्यात राहुरी विद्यापीठाचं फुले जयवंत हे वाण आहे, निम्म्यात उरळीकांचनच्या बाएफ संस्थेचं बीएनएच-१०.

नेपियरची अडचण दोन बाजूंनी. पाणी फार आणि साखर कमी. मुरघास म्हणजे हवाबंद जागेत लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंना साखर खायला देणं. त्यांनी आम्ल झटपट केलं की बाकीचे सगळे जंतू थंडावतात. साखर थोडी आणि त्यात पाणी जास्त, तर आम्ल पातळ राहतं. मग क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू डोकं वर काढतात, लॅक्टिक आम्लच खाऊन त्याचं ब्युटिरिक आम्ल करतात आणि प्रथिनांचा अमोनिया. तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. म्हणून नेपियर आधी सुकवायला हवं, आणि सुकवायचे दिवस आपल्याकडं नेमके पावसाचे.

३० ऑगस्ट

दिवसभर रिपरिप. कापणीचा विचारच नाही, पण उभ्या पिकातलं पाणी मोजून ठेवलं.

रीत अशी. रानाच्या चार बाजूंनी ताटं आणून कुट्टी (बारीक तुकडे) करायची, नीट मिसळायची आणि त्यातले बरोबर १०० ग्रॅम काट्यावर घ्यायचे. ताटलीत पातळ पसरून मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचे, कोपऱ्यात अर्धा पेला पाणी. आधी तीन मिनिटं, मग हलवून दोन, मग एकेक मिनिट. वजन सलग दोनदा सारखं आलं की थांबायचं. कडेला काळपट झालं किंवा करपल्याचा वास आला तर तो नमुना बाद, कारण मग पाण्याबरोबर चाराही जळालेला असतो. आज उरले १७ ग्रॅम. म्हणजे शंभरात सतरा चारा, त्र्याऐंशी पाणी.

गाठीत (मशीननं दाबून प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळलेला गोल गठ्ठा) भरताना कोरडा भाग शंभरात तिसाच्या आसपास हवा. हिशेब मांडला: १००० किलो हिरव्या चाऱ्यात १७० किलो कोरडा माल. तो ३० टक्के व्हायचा तर वजन ५६७ किलोंवर यायला पाहिजे, म्हणजे टनामागं ४३३ किलो पाणी उडवायचं. आकडा ऐकून वहिनी म्हणाल्या, "भावजी, या पावसात चारशे लिटर पाणी उडवणार कुठं?" प्रश्न अगदी नेमका.

पण हाच हिशेब टप्प्याटप्प्यानं केला की वेगळी गोष्ट दिसते. १७ वरून २२ टक्क्यांवर यायला टनामागं २२७ किलो पाणी जावं लागतं. कागदावर पाचच टक्के, पण निम्म्याहून जास्त पाणी तिथंच गेलेलं असतं. आणि हे पहिलं पाणी सगळ्यात लवकर जातं. कापल्यावर पानांची रंध्रं लगेच मिटत नाहीत. उजेड मिळत राहिला तर तासदोन तास उघडी राहतात आणि पाणी त्यांतून भराभर निघतं. रंध्रं मिटली की मग उरलेलं पाणी पानावरच्या मेणातून आणि कांड्याच्या सालीतून झिरपत जातं, ते काम फार संथ.

तेव्हा तीन दिवसांच्या कडक उन्हाची वाट बघत बसायचं नाही. पाच तासांची उघडीप मिळाली तर जलद जाणारं पाणी उन्हाला द्यायचं, आणि बाकीची ओल गेल्या वर्षीच्या भाताच्या कोरड्या पिंजरीनं टिपून घ्यायची. पिंजरीत कस फारसा नाही, प्रथिनं तीन-चार टक्के. सुकवल्याशिवाय सगळी ओल तिच्यावरच सोडायची म्हटलं तर शंभर किलो नेपियरला बावीस किलो पिंजर लागेल आणि मुरघास नावाला राहील. २२ टक्क्यांपर्यंत सुकवलं तर तेरा-चौदा किलोंत भागतं.

३ सप्टेंबर

अजून उघडीप नाही. तयारी चालू.

युरिया टाकून तीन आठवडे होऊन गेलेत, हे मुद्दाम वहीत बघून घेतलं. ढगाळ दिवसांत नुकताच युरिया पडलेल्या नेपियरमध्ये नायट्रेट साठतं. मुरघासात त्यातलं बरंच कमी होतं, सगळं नाही.

हवामानाचं तीन ठिकाणी बघतो. मेघदूत ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो, त्यावरून आठवड्याचा अंदाज बांधायचा. हवामान विभागाच्या रंगीत इशाऱ्यावरून दोन दिवसांचा. आणि कापायच्या दिवशी सकाळी डोंगराकडं बघायचं. पश्चिमेच्या धारेवर ढग टेकलेले असतील आणि वारा तिकडूनच असेल, तर अंदाज काहीही म्हणो, दुपारी सर येतेच. आबांचं हे बघणं मी ॲपइतकंच धरतो.

आभाळाइतकीच दुसरी अट विजेची आहे. गाठी बांधायच्या मशीनला साडेसात एचपीची मोटर, तीन फेज. आमच्या फीडरला काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री लाईट. ऊन पडलं त्याच दिवशी दिवसपाळी असेल असं नाही. म्हणून कुट्टी ट्रॅक्टरवर करायची आणि गाठी लाईट येईल तेव्हा, असं ठरलं. मात्र कुट्टी केलेला माल रात्रभर ढिगात ठेवायचा नाही. तो श्वास घेत राहतो, तापतो, आणि जी साखर जिवाणूंना द्यायची ती उष्णतेत जाते.

पुढच्या आठवड्यात सात तारखेपासून दिवसपाळी आहे.

७ सप्टेंबर

पहाटे आभाळ मोकळं, वारा पूर्वेचा. नऊपर्यंत दव होतं, साडेनवाला पाच गुंठ्यांना विळे लावले. बाकीचं उभंच ठेवलं. एका दिवसात जेवढं बांधून होईल तेवढंच खाली पाडायचं, हा नियम पावसाळ्यात मोडायचा नाही. उभं नेपियर पावसात भिजलं तर काही बिघडत नाही. पडलेलं भिजलं तर बिघडतं.

धसकटं चार-पाच इंच ठेवली. त्यानं फुटवा चांगला येतो आणि पडलेला चारा मातीला न टेकता धसकटांवर राहतो, खालून हवा खेळते. मातीतूनच क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू येतात, त्यामुळं चाऱ्याला चिखल लागू न देणं हे अर्धं काम. पेंड्या बांधल्या नाहीत, ढीग केले नाहीत. कापलेली ताटं रानभर विस्कटून टाकली, जमीन दिसेनाशी होईल एवढीच. वहिनी आणि काकी दर दीड तासानं आकडीनं उलथत होत्या.

एक वाजता कोरडा भाग १९ टक्के. अडीच वाजता २१. पानं मलूल पडून कडा वळायला लागलेल्या, पण कांडं मध्ये चिरलं तर आत अजून लखलखीत ओलं. नेपियरमध्ये हाच घोळ असतो: पाल्यावरून माल सुकला असं वाटतं, आणि पाणी कांड्यात बसलेलं असतं. नमुना घेताना कांडं-पाला दोन्ही सारख्या प्रमाणात आला पाहिजे.

तीनला पश्चिमेकडून आभाळ भरून यायला लागलं. आबा बांधावरून म्हणाले, "आता बघत बसू नका, ट्रॉली लावा. जेवढं सुकलं तेवढं आपलं." साडेतीनला सगळं खळ्यावरच्या पत्र्याखाली होतं, शेवटचा आकडा २२. चार वाजता सर आली.

कुट्टी बोटाच्या पेराएवढी, दोन-अडीच सेंटिमीटर. त्याहून लांब राहिली तर गाठीत पोकळ्या राहतात आणि पोकळीत हवा. शंभर किलोला तेरा किलो पिंजर, तीही कुट्टी करून, थरावर थर टाकून फावड्यानं मिसळलेली. टनाला पंधरा किलो गूळ, कोमट पाण्यात दाटच विरघळवलेला. इतकं पाणी घालवून पुन्हा बादलीनं ओतण्यात अर्थ नाही. जिवाणूंचं कल्चर, म्हणजे पाकिटातलं विरजण, विहिरीच्या पाण्यात कालवलं. नळाच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) असते आणि त्यानं कल्चरमधले जिवाणू मरतात, हे पाकिटावर बारीक अक्षरात असतं आणि वाचायचं राहून जातं. युरिया टाकला नाही. काही जण सरसकट टाकतात, पण त्याच्या अमोनियामुळं आम्लता चढत नाही. नेपियरसारख्या कमी साखरेच्या चाऱ्याला तो मारकच.

मिसळल्यावर मुठीची परीक्षा. कुट्टी अर्धा मिनिट घट्ट आवळून मूठ उघडायची. थेंब गळले तर माल ओला. गोळा तसाच राहिला आणि तळवा ओलसर झाला तर पंचवीस ते तीसच्या मध्ये. गोळा हळूहळू उमलला तर तिसाच्या वर. झटकन विस्कटला तर जास्तच सुकलाय, दाबून बसणार नाही. आमचा गोळा हळू उमलला.

संध्याकाळी दिवे लागणीच्या आत सतरा गाठी झाल्या. सरासरी पासष्ट किलो.

८ सप्टेंबर

पुन्हा पाऊस. गाठींबद्दल थोडं लिहून ठेवतो, कारण गावात विचारणारे बरेच आहेत.

टनाची मुरघास बॅग स्वस्त पडते, हे कबूल. पण ती पायानं तुडवून भरावी लागते, कोपरे पोकळ राहतात, आणि एकदा तोंड उघडलं की सहा जनावरांना टन संपवायला पंधरा दिवस लागतात. तेवढ्यात उघड्या तोंडाला माल तापतो, बुरशी धरतो. मशीनची गाठ म्हणजे ५५ सेंटिमीटर व्यासाची, ५२ रुंद. एका गाठीत सहा जनावरांचा एक दिवस भागतो आणि उघडलेलं काही शिल्लकच राहत नाही. फिल्मचा खर्च किलोमागं जास्त येतो तो मी यासाठी देतो. ज्याच्याकडं वीस-पंचवीस जनावरं आहेत त्यानं खड्डा किंवा बॅगच करावी.

फिल्म २५ मायक्रॉनची. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या निम्म्यावर चढला पाहिजे. चार थर म्हणजे किमान. आम्ही सहा घेतो, कारण गाठी एप्रिलच्या उन्हापर्यंत राहायच्या आहेत आणि नेपियरच्या कांड्याची तिरकी कापलेली टोकं आतून फिल्मला टोचतात. मशीनवाल्यानं चार थरांत उरकायला बघितलं, तर तिथंच थांबवून सहा करून घ्यावेत.

शेजारी तुलनेला म्हणून एक निळं पिंपही भरून ठेवलं: न सुकवलेलं नेपियर, पिंजर नाही, गूळ नाही, फक्त दाबून झाकण सील. गावातले बरेच जण असंच भरतात, तर त्याचं काय होतं ते सगळ्यांना समोर दिसू दे.

१३ सप्टेंबर

उत्तरा लागली. दिवसातून दोन-तीन सरी, मधे तासा-दोन तासांचं लख्ख ऊन. हे ऊन रानात कामाचं नाही. ताटं पसरून उलथेपर्यंत पुढची सर येते, आणि अर्धवट सुकलेल्या चाऱ्यावर पडलेला पाऊस ताज्या कापलेल्यापेक्षा जास्त नुकसान करतो. सुकताना पेशी फुटलेल्या असतात, त्यांतली साखर पाण्याबरोबर वाहून जाते.

पाच दिवसांत पिंपाच्या तोटीतून तपकिरी पाणी गळायला लागलंय. ते बादलीत धरून शेणखताच्या खड्ड्यात टाकतो. ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडायचं नाही. मुरघासाचं पाणी सांडपाण्याहून कैक पटींनी जहाल, ओढ्याच्या पाण्यातला प्राणवायू खेचून घेतं आणि मासे मरतात. चाऱ्यातला विरघळणारा कस त्याच पाण्यात असतो, हे वेगळं.

१७ सप्टेंबर

आज उलट क्रमानं केलं. आधी कुट्टी, मग सुकवण.

सकाळी साडेनवाला कापलं, दहाला कुट्टी करून खळ्यावर चार ताडपत्र्यांवर तीन बोटं जाडीचा थर दिला. लोखंडी दाताळ्यानं दर अर्ध्या तासाला सऱ्या पाडायच्या आणि मोडायच्या. फरक लगेच दिसला. कांडं चिरलं गेल्यामुळं आतलं पाणी उघड्यावर येतं, सालीतून झिरपायची वाट बघावी लागत नाही. बारा वाजता २१, दोन वाजता २४. ऊन आजही अर्धंच होतं. काम वाऱ्यानं केलं.

साडेबाराला एक सर आली तेव्हा चौघांनी चार कोपरे धरून ताडपत्र्या दुमडल्या, दोन मिनिटांत सगळं झाकलं. दहा मिनिटांनी पुन्हा उघडलं. रानात पसरलेल्या ताटांना हे करता येत नाही. थोड्या जनावरांच्या शेतकऱ्यानं बदलत्या हवेत असंच करावं, असं माझं आता पक्कं मत झालंय. एक धोका लक्षात ठेवायचा: कुट्टी ताटांपेक्षा लवकर तापते. थर जाड होऊ द्यायचा नाही, हात घालून बघत राहायचं, आणि त्याच दिवशी बांधून संपवायचं.

सव्वातीनला २६. पिंजर शंभराला सातच किलो लागली, पहिल्या खेपेच्या निम्मी. काकींनी मूठ आवळून उघडली आणि म्हणाल्या, "हं, आता बरोबर आहे." मशीनवर घेतलं. लाईट पाचला गेली ती सहाला आली. तेवढ्या वेळात ढिगाला हात लावला तर कोमट झालेला. लगेच पातळ पसरून टाकला, लाईट आल्यावर पुन्हा गोळा केला.

१९ सप्टेंबर

गाठी पत्र्याच्या शेडमध्ये, खाली विटांच्या तुकड्यांचा थर, त्यावर जुनी ताडपत्री. एकावर एक दोनच. आडव्या न ठेवता सपाट तोंडावर उभ्या ठेवल्या, कारण तोंडाकडं फिल्मचे थर जास्त असतात. उंदरांच्या बंदोबस्तासाठी भिंतीपासून हातभर जागा मोकळी सोडली म्हणजे मांजराला फिरता येतं. भोक दिसलं की मुरघासाचीच चिकटपट्टी लावायची. साधी खोकीपट्टी उन्हात महिनाभरात सुटते.

२८ सप्टेंबर

हस्त लागला आणि दुपारनंतर रोज गडगडाट. दामिनी ॲपवर आसपास वीज दाखवली की रानातून माणसं आत, कापणीचा विषय बंद. उरलेलं नेपियर आता ओलंच रोज घालून संपवतोय. पहिल्या पाच गुंठ्यांत गुडघ्याएवढा फुटवा आहे.

२४ ऑक्टोबर

पहिल्या खेपेला दीड महिन्याहून जास्त झाला. आज तिन्ही उघडलं, शेजारचे चार-पाच जण मुद्दाम बोलावून.

पहिल्या खेपेची गाठ: रंग पिवळसर हिरवा, वास आंबूस, पिंजरीचे तुकडे वेगळे ओळखू येतात. पीएचच्या पट्टीवर ४.४ (आकडा कमी तितकं आम्ल जास्त). तळाला किंचित ओल, गळती नाही. दुसऱ्या खेपेची गाठ जास्त घट्ट, वास कैरीच्या ताज्या लोणच्यासारखा, पीएच ४.२. हातावर चोळून धुतला की वास जातो. पिंपातला माल काळपट हिरवा, बुळबुळीत, पीएच ५.२, आणि झाकण उघडताच लोक दोन पावलं मागं सरले. हाताचा वास साबणानं दोनदा धुऊनही गेला नाही. तोच चारा, तेच रान, दहा दिवसांच्या अंतरात कापलेला. अंतर काय ते फक्त पाण्याचं आणि साखरेचं.

पहिल्या खेपेतली एक गाठ उंदरानं खालून कुरतडलेली निघाली. भोकाभोवती वीतभर पांढरी बुरशी, आत माल तापलेला. सगळी गाठ खताच्या खड्ड्यात. बुरशीचा भाग काढून उरलेलं घालू या, असं एकानं सुचवलं. आम्ही तसं करत नाही. बुरशीचं विष डोळ्याला दिसणाऱ्या भागाच्या पुढं गेलेलं असतं. त्यातलं अफ्लाटॉक्सिन गाईच्या दुधात उतरतं. बिघडलेल्या मुरघासातून लिस्टेरिया जिवाणूचा आजारही होतो आणि गाभण जनावर गाभ टाकतं. पासष्ट किलो वैरणीसाठी एवढी जोखीम घ्यायची नाही. पिंपातला मालही तिकडंच गेला.

२९ ऑक्टोबर

जनावरांना पहिले दोन दिवस दोन-दोन किलो, पिंजरीत मिसळून. आता पाचावर आलोय. आठवड्याभरात दहावर नेऊन थांबायचं. म्हशींनी पहिल्या दिवशी हुंगून सोडलं, दुसऱ्या दिवशी आधी तेच खाल्लं. धार काढून झाल्यावरच घालायचं, आधी घातलं तर दुधाला वास लागतो. पिंजरीमुळं प्रथिनं कमी पडतात, ती पेंडीतून भरून काढतोय: दहा किलो मुरघासामागं अर्धा किलो सरकी पेंड जादा, बाकी खुराक तोच.

आता फक्त चवीपुरत्या चार-सहा गाठी घालून थांबणार, बाकीच्या मार्चपर्यंत शेडमध्ये. भाताची सुगी सुरू आहे. मळणी झाली की पिंजर लगेच गंजीला लावायची नाही. दोन दिवस खळ्यावर कडक वाळवून त्यातली चारशे किलो वेगळी, पत्र्याखाली, फळ्यांवर रचून ठेवायची. ती पुढच्या सप्टेंबरच्या नेपियरसाठी, जनावरांपुढं टाकायची नाही, असं गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवलंय.